हटून बसलेली फाईल कशी उडवावी

‘फाईल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे’ असं विंडोज म्हणालं की पूर्वी मी सरळ कंप्यूटर बंद करून टाकायचे. बरेचदा काम व्हायचंही. पण फाईल धरली कुणी होती ते कळायचं नाही, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. आता मी आधी धरणारा शोधते.

पहिला संशय खुद्द एक्सप्लोररवर, म्हणजे फाईल-फोल्डर दाखवणाऱ्या खिडकीवर घ्या. प्रीव्ह्यू पेन (फाईलची झलक दाखवणारा बाजूचा कप्पा) चालू असेल तर फाईलवर नुसतं क्लिक केलं तरी तो आत डोकावतो, आणि व्हिडिओ किंवा पीडीएफ असेल तर कधीकधी पकडूनच बसतो. म्हणजे डिलीट करायला निवडली म्हणूनच डिलीट होत नाही! ऑल्ट आणि पी दाबून पेन बंद करा. तेवढ्यावर भागलं नाही तर टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या यादीत, विंडोज एक्सप्लोररवर राइट क्लिक करून रीस्टार्ट द्या. टास्कबार क्षणभर गायब होतो, घाबरू नका.

तरी हलत नसेल तर स्टार्ट मेन्यूत रिसोर्स मॉनिटर शोधून उघडा. सीपीयूच्या टॅबमध्ये ‘असोसिएटेड हँडल्स’ असा भाग आहे, तिथल्या शोधचौकटीत फाईलच्या नावाचा तुकडा टाका. कोणत्या प्रोग्रॅमने ती धरली आहे ते खाली येतं. माझा एक रिकामा फोल्डर तासभर हटत नव्हता. यादीत निघाली कमांड प्रॉम्प्टची, म्हणजे टाइप करून हुकूम द्यायची खिडकी, सकाळी मीच त्या फोल्डरमध्ये उघडून खाली दडवलेली! त्या खिडकीत एकही फाईल उघडी नव्हती, ती फक्त त्या फोल्डरमध्ये ‘उभी’ होती. विंडोजला तेवढं पुरतं.

सापडलेला प्रोग्रॅम शक्यतो रीतसर बंद करा, नाहीतर न साठवलेलं काम जाईल. धरणाऱ्याचं नाव ‘सिस्टिम’ असेल तर मात्र त्याला हात न लावता रीस्टार्ट करा. शटडाउन नको. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन करताना सिस्टिमचा गाभा झोपवून ठेवला जातो आणि सुरू करताना तोच उठवला जातो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

‘परवानगी हवी’ असा निरोप येत असेल तर दुखणं वेगळं. जुन्या कंप्यूटरमधून काढलेल्या डिस्कवर हे हमखास होतं, कारण फाईलची मालकी तिथल्या खात्याकडे राहिलेली असते. प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड असं जाऊन मालक म्हणून स्वतःचं खातं लावा, मग त्याला फुल कंट्रोल द्या. मालकाच्या जागी ‘ट्रस्टेड इन्स्टॉलर’ दिसलं तर ती विंडोजची स्वतःची फाईल आहे, तिच्या वाटेला जाऊ नका.

फोल्डरात फोल्डर करत पत्ता २६० अक्षरांपलीकडे गेला, तरीही एक्सप्लोरर अडतो. वरच्या फोल्डरांना एकेका अक्षराची नावं द्या, पत्ता आखडतो.

मला सर्वांत जास्त छळलं ते एका ध्वनिमुद्रणाने. लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर असताना मी त्याला ‘ऑक्स’ असं नाव दिलं होतं, इंग्रजीत, ए-यू-एक्स. हे नाव विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळापासून उपकरणासाठी राखीव आहे. कॉन, पीआरएन, नल हीसुद्धा. माझं विंडोज १० त्याला फाईल मानायलाच तयार नव्हतं. उपाय असा: कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘डेल’ (इंग्रजीत, डी-ई-एल) कमांड टाइप करा, एक जागा सोडा, मग दुहेरी अवतरणचिन्हांत आधी \\?\ आणि त्याला लागून ड्राइव्हच्या अक्षरापासून फाईलच्या नावापर्यंतचा पूर्ण पत्ता. त्या चार चिन्हांमुळे विंडोज नाव तपासत बसत नाही. नावाच्या शेवटी टिंब किंवा रिकामी जागा राहिलेल्या फायलीही याच वाटेने जातात. एंटरनंतर पडद्यावर काहीच उमटलं नाही, म्हणजे गेली. ती रिसायकल बिनमध्येही सापडणार नाही, तेव्हा एंटर दाबण्याआधी पत्ता पुन्हा एकदा वाचा.