वेग वाढला आणि नेम ढळला? रॅपिड फायर पिस्तुलात या चुका टाळा

२५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल शिकण्यासाठी नाशिकमध्ये माझ्याकडे जी मुले येतात, ती बहुतेक १० मीटर एअर पिस्तुलात चांगली तयार झालेली असतात. त्या प्रकारात ६० शॉट्ससाठी ७५ मिनिटे मिळतात, म्हणजे एका शॉटला सरासरी सव्वा मिनिट. रॅपिड फायरमध्येही शॉट्स ६०च असतात. मात्र शेजारी शेजारी लावलेल्या पाच टार्गेटांवर प्रत्येकी एक असे पाच शॉट्स आधी ८, मग ६ आणि शेवटी ४ सेकंदांत मारायचे असतात, तेही हात खाली, उभ्या रेषेपासून ४५ अंशांच्या आत ठेवून, हिरवा दिवा लागल्यावरच उचलून. इतका फरक समोर आला की नवा नेमबाज एकच निष्कर्ष काढतो, तो म्हणजे बोट भराभर चालवले पाहिजे. पुढच्या बहुतेक चुका याच समजुतीतून जन्माला येतात.

वेळ कुठे जातो ते आधी पाहू. ४ सेकंदांच्या सिरीजमध्ये पहिला शॉट १.६ सेकंदाला सुटला, तर उरलेल्या चार शॉट्सना प्रत्येकी ०.६ सेकंद मिळतो. पहिल्याच शॉटला २.४ सेकंद लागले, तर प्रत्येकी ०.४ सेकंदच उरतो आणि तेवढ्यात ट्रिगर दाबला जात नाही, त्याला झटका बसतो. सिन्नरहून येणाऱ्या एका मुलाचे तिसऱ्या टार्गेटपासून पुढचे सगळे शॉट्स ढासळत असत आणि तो महिनाभर त्या शेवटच्या तीन शॉट्सवरच मेहनत घेत होता. शेवटी मी मोबाइलवर बाजूने चित्रीकरण करून त्याला संथ गतीने दाखवले. पिस्तूल वेळेवर वर पोहोचत होते, पण तिथे जवळजवळ एक सेकंद स्तब्ध उभे राहत होते, कारण एअर पिस्तुलातल्या सवयीप्रमाणे तो माशी, म्हणजे पिस्तुलाची पुढची साइट, पूर्ण स्थिर होण्याची वाट पाहत होता. दोष पहिल्या शॉटमध्ये होता आणि शिक्षा शेवटचे तीन शॉट्स भोगत होते.

यावरचा उपाय म्हणजे हात वर येत असतानाच ट्रिगरचे काम सुरू करणे. नियमानुसार २५ मीटरच्या पिस्तुलाचा ट्रिगर दाबायला लागणारा भार किमान १००० ग्रॅम असावा लागतो. त्यातला सुरुवातीचा भार हात छातीच्या उंचीवर येईपर्यंत बोटावर आलेला असावा, शेवटच्या वितीत हाताचा वेग आपोआप मंदावावा आणि माशी काळ्या भागात शिरता शिरता उरलेला दाब सलग वाढत जावा. हात वर येऊन पूर्ण थांबतो आणि मग बोट कामाला लागते, असे दोन तुकडे पडत असतील, तर तो वाया जाणारा वेळ मनगटाच्या ताकदीने भरून निघत नाही. पहिला शॉट वारंवार वर जात असेल, तर हात जागेच्या पुढे जाऊन परत खाली येतो आहे, असे समजावे.

दुसरी चूक डोळ्यांची आहे आणि माझ्या मते तीच सर्वांत महाग पडते. घाई झाली की नजर माशी सोडून टार्गेटवर जाते. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर २२ सेंटिमीटर धरले, तर मागच्या साइटच्या खाचेतली माशी अवघा १ मिलिमीटर बाजूला सरकल्याने २५ मीटरवर शॉट सुमारे ११ सेंटिमीटर सरकतो. या टार्गेटवर १०चे वर्तुळ १० सेंटिमीटर व्यासाचे असते, म्हणजे त्या एका मिलिमीटरमुळे १०चा थेट ८ होतो. उलट माशी खाचेत नीट बसलेली असताना अख्खा हातच दिशा न बदलता १ सेंटिमीटर बाजूला गेला, तर शॉटही सेंटिमीटरभरच सरकतो आणि १० शाबूत राहतो. म्हणून हात थोडा हलला तरी चालेल, पण माशी आणि खाच यांचे नाते बिघडता कामा नये. सिरीज सुरू असताना शॉट कुठे लागला ते दाखवणाऱ्या मॉनिटरकडे डोकावण्याची सवय असेल, तर सरावात मॉनिटर बंदच ठेवावा.

टार्गेटांमधले अंतर ७५ सेंटिमीटर असते आणि २५ मीटरवरून पाहता एका टार्गेटवरून दुसऱ्यावर जायला दोन अंशांपेक्षाही कमी वळावे लागते. तेवढे वळण कमरेपासून, खांदा, हात आणि डोके एकसंध ठेवून घ्यावे. हात एकटा फिरवला की मनगट मोडते आणि शॉट आडवे पसरतात. आधीच्या टार्गेटच्या बाजूला पडणारे शॉट बोट लवकर चालल्याचे सांगतात, पलीकडे पडणारे शॉट वळण आवरता न आल्याचे. उजव्या हाताच्या नेमबाजाचे शॉट खाली डावीकडे जमत असतील, तर ट्रिगरला झटका बसतो आहे किंवा धक्क्याच्या अपेक्षेने मनगट आधीच झुकते आहे. पकड दोन शॉट्सच्या मध्ये सैल करून पुन्हा आवळणे हेही त्याचे नेहमीचे कारण असते. पकड पहिल्या शॉटआधी जेवढी घट्ट असेल, तेवढीच पाचव्यानंतरही असावी.

वेग की अचूकता, या प्रश्नाचा हिशेब प्रॅक्टिकल शूटिंग या नेमबाजीच्या वेगळ्या प्रकारात उघडच मांडलेला आहे, कारण तिथे गुणांना वेळेने भागतात. १२ शॉट्स ८ सेकंदांत मारून सगळे ५ गुणांच्या मधल्या भागात लागले, तर ६० गुणांना ८ने भागून ७.५ मिळतात. तेच ६ सेकंदांत उरकताना ८ मध्ये, ३ बाजूच्या (मायनर नावाच्या गुणांकनात ३ गुणांच्या) भागात आणि १ हुकला, तर ४० आणि ९ मधून दंडाचे १० वजा होऊन ३९ उरतात आणि भागाकार ६.५ येतो. दोन सेकंद वाचवूनही एका हुकलेल्या शॉटने बाजी पलटते.

सरावाच्या आखणीत सरसकट दिसणारी चूक म्हणजे रोज ४ सेकंदांच्याच सिरीज मारणे. ८ सेकंदांत पाचही शॉट्स ९च्या आत येत नसतील, तर ६ सेकंदांवर जाऊ नये. मात्र कायम ८ सेकंदांतच रमणेही तितकेच घातक आहे, कारण तो ताल हाडीमाशी मुरतो. आठवड्यातून एक दिवस मुद्दाम ठरलेल्या वेळेपेक्षा अर्धा सेकंद कमी लावून, गुण न मोजता, केवळ माशी दिसते की नाही एवढेच पाहावे.

उरलेले काम घरी होते. पिस्तूल दोनदा तपासून रिकामे असल्याची खात्री करावी, गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवाव्यात, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून मोबाइलच्या टायमरवर फक्त हात उचलून पहिला शॉट साधण्याचा सराव रोज वीस वेळा करावा. त्यासाठी .२२च्या पिस्तुलात चेंबरला, म्हणजे गोळी बसते त्या जागेला, जपणारा प्लग वापरावा. निफाडचा पारा घसरतो त्या जानेवारीत सकाळी रेंजवर येणाऱ्यांनी तर आधी दहा मिनिटे बोटे उबदार करावीत. गारठलेल्या तर्जनीला ट्रिगरचा सुरुवातीचा भार जाणवतच नाही आणि मग शॉट आपण न ठरवताच सुटतो.