गांज्याची तपासणी: कॉलममध्ये आणि कॉलमबाहेर होणाऱ्या या चुका टाळा

टीएचसी (गांज्यातला नशा आणणारा घटक) मोजायला थेट जीसी (नमुन्याची वाफ करून घटक वेगळे करणारी पद्धत) वापरणं ही या क्षेत्रातली सगळ्यात जुनी चूक. ताज्या फुलात टीएचसी फारसं नसतंच, असतं ते टीएचसीए हे आम्ल. जीसीचा इंजेक्टर साधारण 250 अंशांच्या घरात तापलेला असतो. तिथे आम्लातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी तयार होतं, तेही पूर्ण होईलच असं नाही. नमुन्यात मुळात काय होतं ते मग कळायचं कसं? डेरिव्हटायझेशन करून (आम्लाला आधी उष्णता सोसणारं रूप देऊन) जीसी चालते, पण रोजच्या कामाला एचपीएलसीच बरी, तीत नमुना असा न तापवता द्रवासोबत कॉलममधून (घटक वेगळे करणाऱ्या नळीतून) जातो. टर्पीन (वास देणारे घटक) आणि उरलेले सॉल्व्हंट (द्रावक) मात्र जीसीवरच करा.

एकूण टीएचसी काढताना टीएचसीएच्या आकड्याला 0.877 ने गुणून मगच बेरीज करायची. 314.5 आणि 358.5 या रेणुभारांचं ते गुणोत्तर आहे. गुणक विसरला की आकडा फुगतो, आणि तो कागदावर अगदी खरा वाटतो.

पीक (आलेखात प्रत्येक घटकाचं दिसणारं शिखर) सरकले, आता काय?

लगेच कॉलम बदलू नका. आधी कोणते पीक सरकलेत ते बघा. सगळेच सरकले असतील तर फ्लो, कॉलमचं तापमान, गळती आणि ऑरगॅनिक सॉल्व्हंटचं प्रमाण तपासा. पण सीबीडी आणि टीएचसी हे उदासीन घटक जागच्या जागी आहेत आणि फक्त सीबीडीए, सीबीजीए, टीएचसीए ही आम्लं हललीत, असं दिसलं तर संशय मोबाइल फेजच्या (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवाच्या) पीएचवर घ्या. फॉर्मिक आम्ल कमी-जास्त पडलेलं असतं किंवा बाटली शिळी झालेली असते. आम्लांचं आयनीभवन पीएचप्रमाणे बदलतं, उदासीन रेणूंना त्याचा फरक पडत नाही. ही एक खूण ओळखता आली तर चांगला कॉलम फुकट जात नाही.

सुरुवातीचे पीक दुभंगत असतील तर नमुना फार तीव्र सॉल्व्हंटमध्ये आहे. तो मोबाइल फेजच्या जवळ आणून पुन्हा टोचा. अर्कानंतर ब्लँक (नमुना नसलेलं नुसतं सॉल्व्हंट) चालवायला विसरू नका, टीएचसी चिवटपणे चिकटून राहतं.

डेल्टा-8 आणि डेल्टा-9 या टीएचसीच्या दोन रूपांबाबतीत जास्त सावध राहा. दोघांचा रेणुभार एकच, यूव्ही स्पेक्ट्रमही जवळपास सारखा. मास डिटेक्टर (रेणूंचं वस्तुमान मोजणारा) लावला म्हणून सुटका होत नाही, त्यांना वेगळं करणं कॉलमचंच काम. अमेरिकेच्या 2018 च्या कायद्याने हेम्पसाठी (कमी टीएचसीच्या गांज्याच्या झाडांसाठी) डेल्टा-9 ची मर्यादा कोरड्या वजनाच्या 0.3 टक्के ठेवली. अशा रेषेजवळच्या नमुन्यात दोन पीक एकमेकांवर चढले, तर शेतकऱ्याचं अख्खं शेत बाद ठरू शकतं.

चूक कॉलमच्या आधीच झालेली असते

फुलं दळताना राळेने भरलेले ट्रायकोम (फुलावरचे बारीक केस) ग्राइंडरच्या झाकणाला आणि भिंतीला चिकटतात. खाली उरते ती पानाची भुकटी, आणि तिचाच नमुना घेतला तर आकडा कमी येतो. फुलं गोठवून दळा, झाकण खरवडून सगळं एकत्र करा आणि मगच वजन घ्या.

इथूनच सुरक्षेचा प्रश्न सुरू होतो. समजा नमुना आला 10.00 ग्रॅम, चाचण्यांना गेला 3.20, शिल्लक 6.40. मग 0.40 ग्रॅम कुठे गेले? ओलावा उडाला असेल, ग्राइंडरमध्ये राहिले असतील, किंवा कुणाच्या खिशात गेले असतील. दळण्याआधी आणि नंतरचं वजन लिहिलेलं नसेल तर यातलं काहीच सिद्ध करता येत नाही, आणि प्रामाणिक माणसावरही बोट उठतं. टाकाऊ माल वापरण्याजोगा राहणार नाही अशा प्रकारे मिसळून, दोन सह्या घेऊनच बाहेर काढा.

कुलूप आणि कॅमेरे बहुतेक ठिकाणी असतात, संगणक मात्र उघडा पडतो. सगळ्यांचा एकच पासवर्ड ही मला सर्वात घातक सवय वाटते. बेसलाइन (आलेखात शिखराखालची पायारेषा) हाताने जरा खाली ओढली की टीएचसी वाढतं, आणि जास्त टीएचसीच्या मालाला भाव जास्त मिळत असल्याने तसा दबाव खरोखर येतो. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या, ऑडिट ट्रेल (कोणी कधी काय बदललं याची नोंद) कायम चालू ठेवा, हाताने केलेल्या इंटिग्रेशनचं (शिखराचं क्षेत्रफळ मोजण्याचं) कारण लिहून घ्या. ॲडमिनचे अधिकार विश्लेषकाकडे ठेवू नका. नमुन्यावर उत्पादकाच्या नावाऐवजी फक्त क्रमांक असू द्या.

कॅमेरा, तराजू आणि एचपीएलसीचा संगणक यांची घड्याळंही नियमित जुळवा. त्यांत काही मिनिटांचा फरक असला तरी तक्रार आल्यावर कोणतं वजन कोणी कधी घेतलं हे चित्रीकरणात शोधणं अवघड होऊन बसतं.