ट्रॅक डेला फास्ट व्हायचंय? आधी या चुका टाळा

माझ्या पहिल्या ट्रॅक डेला, म्हणजे रेस ट्रॅकवर आपली बाइक पळवायच्या दिवशी, दुपारपर्यंत हातांची अशी वाट लागली होती की हेल्मेटचं बक्कल उघडायला दुसऱ्याला बोलवावं लागलं. मला वाटलं आपली ताकद कमी पडतेय, जिम लावायला पाहिजे. इन्स्ट्रक्टरने एकच प्रश्न विचारला, ब्रेक मारताना टाकी गुडघ्यांनी धरतोस का? नव्हतोच धरत. त्यामुळे प्रत्येक ब्रेकिंगला अख्ख्या अंगाचा भार मनगटांवर, आणि हँडल इतकं आवळलेलं की बाइकला स्वतःहून वळायला वावच नाही. ट्रॅकवर निम्मा वेळ असंच होतं, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

सगळ्यात कॉमन तक्रार म्हणजे "कॉर्नरमधून बाहेर पडताना बाइक वाइड जाते". लोक मग टायर बदलतात, सस्पेन्शनचे क्लिक फिरवतात, आणि चूक असते कॉर्नरच्या आधी, म्हणजे घाईघाईने लवकर टर्न-इन करण्यात (वळायला सुरुवात करण्यात). लवकर आत घुसलात की आतली कडही लवकर गाठता, आणि मग उरलेलं वळण घ्यायला जागाच राहत नाही, थ्रॉटल उघडला की बाइक सरळ बाहेरच्या कडेकडे. उपाय सोपा पण करायला जड, जिथे वळावंसं वाटतं तिथून जरा पुढे जाऊन वळा, अ‍ॅपेक्स, म्हणजे वळणात आतल्या कडेच्या सगळ्यात जवळ जायची जागा, उशिरा घ्या आणि ब्रेक सोडायच्या आतच नजर एक्झिटला न्या. कारण बाइक जाते नजरेच्या मागे. बाहेरच्या गवताकडे बघत बसलात तर गवतातच जाल, हे मी अनुभवाने सांगतोय, हिरवे डाग लेदर सूटवरून लवकर निघत नाहीत.

ब्रेक. रस्त्याच्या सवयीने लोक एकतर फार लवकर हळूच ब्रेक लावतात, नाहीतर घाबरून लिव्हर एकदम खेचतात. आधी थोडं दाबून वजन पुढच्या टायरवर येऊ द्या, मग जोर वाढवा, आणि वळताना हळूहळू सोडा, झटकन सोडलात की पुढचा फोर्क उसळतो आणि लाइन गेली. आणि सरळ पट्ट्यावर हवेत जाऊ नका, 60 ऐवजी 120 च्या स्पीडला ब्रेकिंगचं अंतर दुप्पट नाही, जवळपास चौपट लागतं. दोन-तीन लॅपनंतर लिव्हर स्पंजसारखी लागायला लागली, हँडलजवळ यायला लागली, तर हिरोगिरी न करता पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकबाहेर बाइक थांबवायच्या जागी, या. जुन्या ब्रेक फ्लुइडने पाणी धरलेलं असतं. ताजं डॉट 4 (ब्रेक फ्लुइडचा एक ग्रेड) निदान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी धरल्यावर तो आकडा 155 पर्यंत उतरू शकतो आणि ट्रॅकवर तेवढी उष्णता सहज होते. यायच्या आधी फ्लुइड बदला, दुसरा इलाज नाही.

टायरची हवा रोडच्या आकड्यावर ठेवून येणारे तर प्रत्येक वेळी भेटतात. ट्रॅकवर टायर खूप तापतो, प्रेशर वाढतं, टायर जमिनीला कमी टेकतो, आणि मग "ग्रिपच नाही यार". टायर कंपनीने ट्रॅकसाठी दिलेला आकडा बघा आणि सेशन संपल्यासंपल्या गरम टायरवरच मोजा. पहिली एक-दोन लॅप मात्र टायर थंडच असतात हे विसरू नका.

गुडघा घासायचा नाद फोटोपुरता ठीक आहे, तो मुद्दाम जमिनीला लावायला गेलात की अंग वेडंवाकडं होतं आणि सगळा भार परत हँडलवर. बाकी ट्रॅकवर दाखवतात ते झेंडे नीट पाठ करून या, पिवळा म्हणजे ओव्हरटेक नाही, लाल म्हणजे मागे लक्ष ठेवून स्पीड कमी करत पिटमध्ये, जागच्या जागी करकचून ब्रेक नाही. एका सेशनला एकच गोष्ट सुधारायला घ्या आणि थकलात तर शेवटचं सेशन सरळ सोडा, पैसे गेले म्हणून हळहळू नका.

निघताना आरसे लावा, लाइटवरची टेप काढा आणि टायर थंड झाले की हवा परत रोडच्या आकड्यावर भरा. हे मी एकदा विसरलो, घरी जाताना बाइक जड का वळतेय म्हणून दोनदा थांबून हँडल, चेन, बेअरिंग सगळं तपासलं, टायर सोडून.