गोड्या पाण्यातल्या ट्रोलिंगसाठी छोटी होडी कशी सज्ज करावी

फिनलंडमधल्या लाउरी रापाला नावाच्या कोळ्याने १९३६ साली बुचाच्या लाकडातून एक छोटा मासा कोरला, त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि वरून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. तळ्यावर होडी वल्हवताना त्याने एक गोष्ट हेरली होती: मोठा मासा थव्यातला नेमका तोच छोटा मासा उचलतो, जो जरा लंगडत पोहतो. लंगडत पोहणारं आमिष त्याने बनवलं. पण ते लंगडतं ते ओढणारी होडी नेमक्या वेगाने चालली तरच. फार हळू गेलं तर काडीसारखं सरळ येतं, फार जोरात गेलं तर गरगरून लाईनला पीळ घालतं.

ट्रोलिंग म्हणजे चालत्या होडीमागे आमिष ओढत नेऊन मासा पकडणं, आणि त्यात आमिषाचं अर्धं काम होडी करते. म्हणून साडेतीन-चार मीटरची साधी होडी सजवताना प्रत्येक वस्तूला दोनच प्रश्न विचारायचे: हिच्यामुळे वेग स्थिर राहील का? आमिष हव्या त्या खोलीवर राहील का? दोन्हींचं उत्तर नाही आलं आणि ती वस्तू जीव वाचवणारीही नसली, तर ती काठावरच राहू द्यावी.

आधी वजनाचा हिशोब

होडीवर तिच्या क्षमतेची पट्टी असेल तर ती वाचा आणि तो आकडा कमाल मर्यादा म्हणून धरा, रोज गाठायचा आकडा म्हणून नव्हे. माणसं, मोटर, बॅटरी, नांगर, पाण्याचे कॅन, सगळं वजनकाट्यावर ठेवून लिहून काढा. अंदाज नेहमी कमी निघतो.

मग वजन वाटा. मोटर मागे, ती चालवणारा मागे, आणि सवयीने बॅटरीही मागेच ठेवली, तर होडीचं नाक वर उचलतं आणि मागची फळी पाण्याला टेकते. अशी होडी वाऱ्यात सरळ जात नाही, आणि अचानक थांबवली तर तिचीच लाट मागून आत येते. बॅटरी मधल्या बाकाखाली किंवा त्याच्याही पुढे न्या. तिला पेटीत बसवून पट्ट्याने आवळा, हलायला अजिबात जागा ठेवू नका.

होडी जमिनीवर असतानाच तिच्यात बसा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ड्रिल हातात घेण्याआधी होडी ट्रेलरवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर पक्की टेकवा, नेहमीच्या जागी बसा आणि एक तास घालवा. एका हातात मोटरचा दांडा आहे असं समजून दुसऱ्या हाताने रॉडपर्यंत पोहोचता का पाहा. मासा लागला, रॉड उचलला, आता जाळी कुठे आहे? पक्कड कुठे आहे? उभं न राहता दोन्ही हाताला लागली पाहिजेत. जिथे हात सहज जातो तिथे काठावर कागदी चिकटपट्टी लावा आणि पेनने लिहा: रॉड, जाळी, फिशफाइंडरची स्क्रीन. सोबत कोणी येणार असेल तर त्यालाही बसवा, कारण दोघं मिळून बसलात की निम्म्या खुणा हलतात. भोकं पाडायची ती या हललेल्या खुणांवर.

मोटर, बॅटरी आणि मधली वायर

गोड्या पाण्यातल्या बहुतेक शिकारी माशांसाठी ताशी २ ते ५ किलोमीटर हा वेग पुरतो, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाचा. पेट्रोलची मोटर एवढ्या हळू नीट चालत नसेल तर होडीमागे पाण्याची छत्री, म्हणजे ड्रिफ्ट सॉक, बांधून वेग उतरवता येतो. पण इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर या कामासाठीच असते आणि आवाजही जवळजवळ करत नाही.

तिचा जोर पाउंडात मोजतात. भरलेल्या होडीच्या दर ४५ किलोला किमान २ पाउंड, असा ठोकताळा आहे. होडी, दोन माणसं आणि सामान मिळून ३२० किलो होत असतील तर हिशोबाने १४-१५ पाउंड पुरतात. प्रत्यक्षात समोरून वारा सुटला की ते पुरत नाहीत, म्हणून मी ४० ते ५५ पाउंडांची मोटर घ्या असंच सांगेन. एवढ्यापर्यंत १२ व्होल्टची एकच बॅटरी चालते. त्यापुढच्या मोटरींना २४ किंवा ३६ व्होल्ट लागतात, म्हणजे दोन-तीन बॅटऱ्या, आणि छोट्या होडीत ते वजन नको. दांडीची लांबी अशी घ्या की पंख्यावर किमान वीतभर पाणी राहील, नाहीतर लाटेवर पंखा हवा ओढतो आणि वेग तुटतो.

बॅटरी डीप सायकल प्रकारची हवी. गाडी सुरू करायची बॅटरी क्षणभर मोठा प्रवाह द्यायला बनवलेली असते, ती खोलवर वापरली की लवकर मरते. लेड ॲसिडची १०० ॲम्पिअर-तासांची बॅटरी अर्ध्याहून जास्त उतरवू नये, म्हणजे हाताशी ५० उरतात. ५५ पाउंडांची मोटर पूर्ण जोरात साधारण ५० ॲम्पिअर ओढते, म्हणजे तासाभरात खेळ संपला. तीच मोटर मंद ठेवून १२ ॲम्पिअरवर चालवली तर चार तास मिळतात. ट्रोलिंग करणाऱ्याला हे गणित सोयीचं आहे, फक्त परतीच्या वाटेसाठी राखीव ठेवायचं विसरू नका. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी जवळजवळ पूर्ण वापरता येते आणि वजनाने निम्म्याहून कमी भरते. छोट्या होडीत पैसे कुठे घालावेत असं कोणी विचारलं, तर मी आधी इथेच बोट ठेवतो.

वायरीकडे दुर्लक्ष करू नका. बारीक वायर तापते आणि मोटरपर्यंत पोहोचणारा दाब घटतो. कल्हई केलेल्या तांब्याची, मोटरच्या पुस्तिकेत दिलेल्या जाडीची वायर घ्या. बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभराच्या आत सर्किट ब्रेकर बसवा. ५० ॲम्पिअर ओढणाऱ्या मोटरला साधारण ६० ॲम्पिअरचा लागतो. पंख्यात गवत अडकलं, मोटर जाम झाली, तर आगीपासून हाच वाचवतो.

रॉड होल्डर

ट्रोलिंगमध्ये मासा गळाला लागतो तो हातातल्या रॉडवर क्वचितच, होल्डरमधल्या रॉडवर लागतो. त्या क्षणी माशाचा हिसका आणि होडीचा ओढा एकाच बिंदूवर येतात. माझा एक चांगला रॉड होल्डरसकट डोळ्यांदेखत पाण्यात गेला, कारण मी होल्डर पातळ काठावर नुसत्या स्क्रूने बसवला होता. तेव्हापासून मी आरपार बोल्ट घालतो, आतल्या बाजूला जाड पट्टी ठेवतो आणि भोकात सीलंट भरतो. ॲल्युमिनियमच्या होडीत स्टीलचा बोल्ट आणि काठ यांच्यामध्ये रबर किंवा नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर दोन धातूंच्या संगतीत ॲल्युमिनियम झिजतं.

छोट्या होडीला तीन-चार होल्डर भरपूर झाले. दोन बाहेरचे, पाण्याशी जवळपास समांतर, त्यांत लांब रॉड. दोन मागचे, जरा उभे, त्यांत आखूड रॉड. लाईनी पंख्याच्या बोटांसारख्या पसरतात आणि गुंता टळतो. एका माणसाने किती रॉड लावायचे यावर बऱ्याच ठिकाणी बंधन असतं, काही पाण्यांवर मोटरच चालत नाही. परवाना काढतानाच हे विचारून घ्या.

रील आणि लाईन

किती लाईन सोडली हे दाखवणारं लाईन काउंटर रील मिळालं तर उत्तम. मासा २५ मीटर लाईनवर लागला तर पुढच्या फेरीला पुन्हा २५ मीटरच सोडता आली पाहिजे, नाहीतर तो मासा योगायोगाने मिळाला एवढंच म्हणता येतं. काउंटर नसेल तर लाईनवर दर ५ मीटरला न पुसणाऱ्या शाईची खूण करा.

मोनोफिलामेंट, म्हणजे एकाच अखंड नायलॉन धाग्याची लाईन, ताणली जाते, त्यामुळे हिसका सोसते. वेणीची लाईन बारीक असते, पाणी कापत खोल जाते, पण ती जवळजवळ ताणलीच जात नसल्याने हिसका थेट गळावर येतो आणि तोंड फाटून मासा सुटतो. नवख्याने मोनोने सुरुवात करावी. ड्रॅग, म्हणजे रील ज्या ओढीला लाईन सोडू लागतं ती, लाईनच्या तुटण्याच्या ताकदीच्या पाव भागावर ठेवा, आणि हे बोटांनी अजमावू नका: ताणकाट्याला लाईन बांधून ओढा. ४ किलोच्या लाईनला १ किलोवर रील सुटायला हवं. आमिषाच्या पुढे हातभर अंतरावर चांगली भोवरकडी लावा, पीळ तिथेच मोडतो. तिथून आमिषापर्यंतचा तुकडा दात असलेल्या माशांसाठी जाड किंवा तारेचा हवा.

खोली गाठायची साधनं

उन्हाळ्यात खोल तळ्याचं पाणी थरांत विभागतं. वर गरम, खाली गार, आणि मध्ये एक पातळ पट्टा, जिथे तापमान झपाट्याने उतरतं. गार पाण्याचे मासे बहुधा त्या पट्ट्याच्या आसपास थांबतात, मग वरवर ओढलेल्या आमिषाला कोण विचारणार?

सगळ्यात सोपं साधन म्हणजे ओठ, म्हणजे तोंडाशी पुढे आलेली पट्टी, असलेलं आमिष. ओठ जितका मोठा आणि आडवा, तितकं ते खोल बुडी घेतं. त्यानंतर लेडकोअर, म्हणजे आत शिशाची तार असलेली लाईन. तिचा रंग दर १० यार्डांना, म्हणजे सुमारे ९ मीटरला, बदलतो. मंद वेगात एका रंगामागे आमिष साधारण दीड मीटर खाली जातं, वेग वाढवला की वर येतं. किती खोल गेलं हे रंग मोजून कळतं.

नेमकी खोली हवी तर डाउनरिगर. तारेला साडेतीन ते पाच किलोचं वजन, वजनाला चिमटा, चिमट्यात लाईन. मासा लागला की लाईन चिमट्यातून सुटते आणि लढत मोकळ्या लाईनवर होते. होडी चालताना तार मागे कलते हे ध्यानात ठेवा: १० मीटर तार सोडली आणि ती ३० अंश कलली, तर वजन साडेआठ मीटरच्या जरा खालीच असतं. छोट्या होडीला हाताने फिरवायचा आखूड डाउनरिगर एकच लावा. आणि जवळ तार कापायची पक्कड ठेवाच. वजन तळाच्या झाडात अडकलं आणि होडी पुढे ओढत राहिली, तर तार मागचा कोपरा पाण्याखाली खेचते. तेव्हा वजनाचा मोह सोडून तार कापायची.

उथळ, नितळ पाण्यात मासा होडीखालून बाजूला सरकतो. तिथे प्लेनर बोर्ड, म्हणजे लाईनला लावायची तरंगती फळी, लावला की तो लाईन १५-२० मीटर बाजूला ओढून नेतो. दोन बाजूंना दोन बोर्ड लावले की एकाच फेरीत रुंद पट्टा चाळला जातो.

फिशफाइंडर

ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या या यंत्रात मोठ्या स्क्रीनपेक्षा ट्रान्सड्यूसर, म्हणजे लहरी सोडणारा आणि टिपणारा भाग, नीट बसवण्यात जास्त फायदा आहे. तो मागच्या फळीवर, पंख्याच्या फेसापासून दूर, होडीच्या तळाच्या किंचित खाली बसवा. त्याची वायर मोटरच्या वायरीला चिकटून नेऊ नका, स्क्रीनवर कचरा दिसतो. २०० किलोहर्ट्झच्या साधारण २० अंशांच्या शंकूत दर ३ मीटर खोलीला जेमतेम १ मीटर रुंदीचं वर्तुळ दिसतं. ९ मीटर पाण्यात तुम्ही ३ मीटर रुंद गोल पाहताय, अख्खं तळं नव्हे. स्क्रीन रिकामी म्हणून लगेच जागा सोडू नका. संवेदनशीलता वाढवली की तो तापमानाचा पट्टाही कधी कधी धूसर रेघेसारखा उमटतो.

जिवाची साधनं

लाइफ जॅकेट अंगावर, बाकाखाली नव्हे. पेट्रोलच्या मोटरीचा किल स्विच, म्हणजे ओढला की मोटर बंद करणारी दोरी, मनगटाला. वल्ही, पाणी उपसायचं भांडं, शिट्टी, विजेरी. नांगराची दोरी खोलीच्या सातपट, आणि नांगर कायम पुढच्या टोकाकडून टाकायचा. मागून टाकला तर लाटा फळीवरून आत येतात. संधिप्रकाशात डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि सगळीकडून दिसणारा पांढरा दिवा हवा.

आणखी एक, जे फार थोड्यांना ठाऊक असतं: १९७२च्या आंतरराष्ट्रीय जलवाहतूक नियमांच्या व्याख्येत ट्रोलिंग करणारी होडी ‘मासेमारीत गुंतलेली’ धरली जात नाही. जाळी टाकून बसलेल्या होडीला मिळणारी सवलत तुम्हाला नाही. मागे चार लाईनी असल्या तरी वाट देण्याचे नेहमीचे नियम तुम्हालाही लागू आहेत.

पहिली फेरी

पहिल्या दिवशी गळ काढून ठेवा. एकच आमिष होडीच्या बाजूला पाण्यात धरा आणि ते ज्या वेगाला सर्वात छान डुलतं तो वेग वहीत लिहा. प्रत्येक आमिषाचा वेगळा. जीपीएस जमिनीवरचा वेग सांगतं, वारा किंवा प्रवाह असेल तर पाण्यातला वेग निराळा असतो, म्हणून नंतर रॉडच्या टोकाच्या थरथरीवर नजर ठेवा. एकसारखी थरथर म्हणजे आमिष चालतंय. थरथर थांबली तर आमिषाला गवत लागलंय.

मग वळणं घ्या, मोठी आणि सावकाश. वळताना आतल्या बाजूचं आमिष मंदावतं, बाहेरचं वेग घेतं. पुढे गळ लावून याल तेव्हा वळणावर मासा आतल्या रॉडला लागला तर सरळ रेषेत वेग किंचित उतरवा, बाहेरच्याला लागला तर चढवा.

जाळी रबरी घ्या, हात ओले करूनच मासा धरा, आणि सोडून द्यायचा असेल तर गळाचे काटे आधीच पक्कडीने दाबून ठेवा. ओल्या तळव्यात मासा क्षणभर स्थिर होतो, कल्ले उघडझाप करतात, आणि शेपटीचा एक फटकारा मारून तो खाली जातो.