रत्नागिरी बघताना या चुका टाळा: यादी घरी ठेवा, पंचांग बरोबर घ्या

रत्नागिरीत राहणाऱ्या माणसाला वर्षातून चार-पाच वेळा तरी एकाच मजकुराचा फोन येतो. "शनिवारी सकाळी पोचतोय, रविवारी दुपारी निघायचंय. काय काय बघून होईल?" पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर यादी येऊन पडते. गणपतीपुळे, आरे-वारे, मालगुंड, जयगड, थिबा पॅलेस, रत्नदुर्ग, मांडवी, भाट्ये, पावस, मत्स्यालय आणि शेवटी कंसात "कातळशिल्पं, जमली तर". मी यादी बाजूला ठेवतो आणि विचारतो, "शनिवारी तिथी कोणती?" पलीकडचा गप्प होतो. त्याला वाटतं, घरात कुणाचा उपास आहे.

तिथी विचारायची ती भरतीसाठी. रत्नागिरीतलं निम्मं बघणं समुद्राकाठी आहे आणि समुद्र काही तुमच्या हॉटेलच्या चेक-इनप्रमाणे चालत नाही. तेव्हा पहिली चूक हीच.

भरती-ओहोटी न बघता निघणं

किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पुरती भरती पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. वद्य पक्षात मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी पुरती ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडचं तिकडे होतं, पण सहलीला एवढा अंदाज पुरे. मोबाइलवर तक्ता मिळतोच. पण रेंज गेली की पाऊणकीच उपयोगी पडते.

आता हे लावून बघा. पौर्णिमेच्या आसपास संध्याकाळी ओहोटी असते. भाट्याची ओली, घट्ट वाळू दूरवर उघडी पडते आणि सुरूच्या बनापासून झरी विनायकापर्यंत आरामात चालता येतं. तोच किनारा अष्टमी-नवमीला सूर्यास्ताच्या वेळी बघितलात, तर पाणी वर आलेलं असतं. ती भांगाची भरती असल्यामुळे पाणी उधाणाइतकं चढत नाही खरं, पण चालायला मऊ वाळूचा पट्टाच काय तो उरतो. मग लोक म्हणतात, "किनारा काही खास नाही." किनारा तोच असतो, चुकलेली असते ती वेळ.

संकष्टीचं गणित तर ध्यानात ठेवाच. संकष्टी असो, अंगारकी असो, तिथी चतुर्थीच. म्हणजे गणपतीपुळ्याला ज्या दिवशी सर्वात जास्त गर्दी, त्या दिवशी दुपारी तीनला पुरती भरती आणि त्यानंतर पाणी उतरायला लागतं. दर्शन झालं, जेवण झालं, आता जरा पाण्यात जाऊ, असं म्हणत माणसं उतरतात ती नेमकी पाणी बाहेर खेचत असताना. पुळ्याचा किनारा दिसायला सौम्य आहे, पण वाळूचा उतार झटकन खोल जातो आणि पायाखालची वाळू लाटेबरोबर निघून जाते. आरे-वारेही तसंच. गुडघाभर पाण्याच्या पुढे जाऊ नका. जीवरक्षकाने शिट्टी मारली की त्याच्याशी वाद घालू नका. ते पाणी तो रोज बघतो.

आणि ओढीत सापडलातच, तर सरळ किनाऱ्याकडे हातपाय मारू नका. सगळ्यात दमवणारी चूक ती. अंग सैल सोडा, तरंगत राहा, हात वर करून हाका मारा आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर, आडवं सरका. ओढीचा पट्टा सहसा अरुंद असतो. त्यातून बाजूला आलात की लाटाच आत आणून सोडतात. काठावरच्यांनी साखळी करून मागोमाग उड्या टाकू नयेत. रिकामा बंद कॅन, टायरची ट्यूब, दोर, जे तरंगेल ते फेका.

गाडी वाळूत घालणं

माझा एक मावसभाऊ आहे, पुण्याचा. नवी गाडी, समोर मोकळा किनारा, कडेला रील काढायला बायको. वाळू कडक दिसली म्हणून त्याने गाडी आत घातली. ओली वाळू वरून कडक असते, पण गाडी थांबली की चाकाखाली पाणी सुटतं आणि चाक बसतं. त्याने आपल्याकडच्या प्रत्येक ड्रायव्हरप्रमाणे अ‍ॅक्सिलरेटर दाबला. दोन मिनिटांत बंपर वाळूला टेकला. तिथे एक म्हातारे मच्छीमार जाळं झटकत होते. ते येऊन शांतपणे म्हणाले, "पाणी भरायला लागलंय. आधी आतलं सामान काढा." गाडीचं नंतर बघू, असा त्याचा अर्थ.

रुतलातच, तर रेस देणं ताबडतोब बंद करा. सगळे उतरा. पुढच्या चाकांपुढची वाळू हातांनी किंवा ताटलीने उकरा, टायरमधली हवा निम्म्याच्या आसपास कमी करा, चाकाखाली पायपुसणी नाहीतर नारळाच्या झावळ्या घाला आणि पहिल्या गिअरमध्ये हळूच, स्टिअरिंग न वळवता सरळ बाहेर या. दहा मिनिटांत जमलं नाही, तर गावात ट्रॅक्टर शोधा. भरती चढती असेल तर तो आधी शोधा, प्रयोग मागाहून. गाडी निघाल्यावर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, नाहीतर मीठ पत्रा खातं. किनाऱ्यावर गाडी घातल्याबद्दल पोलीस गुन्हाही दाखल करतात, हे मावसभावाला त्या दिवशी कळलं.

उलटसुलट रस्ता धरणं

मुंबईहून गाडीने येणारे बरेच जण हातखंब्यावरून रत्नागिरीत उतरतात, मुक्काम टाकतात, पुळ्याला जातात, परत रत्नागिरीत येतात आणि पुन्हा हातखंबा गाठतात. पुळ्याला महामार्गावरून थेट रस्ता आहे तो निवळी फाट्याने, आणि निवळी हातखंब्याच्या आधी लागते. रत्नागिरीहून पुळ्याला आरे-वारेचा सागरी रस्ता पंचवीसेक किलोमीटरचा. म्हणून येताना एक आणि जाताना दुसरा, असा फेरा करा. आरे-वारेचं वळण उतरताना समुद्र एकदम समोर येतो. तिथे वळणावरच गाडी उभी करून फोटो काढू नका, मागून एसटी येत असते.

पुळ्याच्या पुढे हेदवी, वेळणेश्वर, गुहागर करायचं असेल, तर महामार्गावर परत जाऊन चिपळूणमार्गे उतरण्याची गरज नाही. जयगडहून शास्त्री नदीच्या मुखातून तवसाळला फेरीबोट जाते, गाडीसकट. शेवटच्या फेरीची वेळ मात्र आधी विचारून ठेवा. ती चुकली तर जयगडच्या जेट्टीवर बसून पलीकडचं तवसाळ बघत राहावं लागतं.

दक्षिणेकडे जाणारे पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचं दर्शन घेतात आणि मागे फिरतात. जवळच गणेशगुळे आहे. "गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला" असं आमच्याकडे म्हणतात. गर्दीही त्याच्यामागून पुळ्याला गेली असावी, कारण गुळ्याचा किनारा अजून शांत आहे. आणखी पुढे मुचकुंदीच्या मुखावर पूर्णगड. लहानसा किल्ला, तासाभरात होतो.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी एकच: स्टेशन गावात नाही, सहा-सात किलोमीटर बाहेर आहे. परतीच्या गाडीला निघताना तेवढा वेळ हाताशी ठेवा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तेही बघा.

थिबा पॉइंटवर उभं राहून "थिबा झाला" म्हणणं

थिबा पॉइंट म्हणजे काजळी नदी, भाट्याची खाडी आणि पूल दिसणारी टेकडीची कड. छान जागा आहे, पण तिथे थिबा नाही. ब्रह्मदेशचा हा शेवटचा राजा. इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याचं राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये. म्हणजे चोवीस वर्षं तो भाड्याच्या आणि सरकारी बंगल्यांतच राहिला आणि वाड्यात उणीपुरी सहा वर्षं. १९१६ मध्ये तो इथेच वारला. वाड्यात आज संग्रहालय आहे. सोमवारी जाऊ नका, बंद असतं.

वाडा बघून लोक निघतात आणि त्याची कबर राहते. ती शहरातच, शिवाजीनगर भागात आहे. शेजारी धाकटी राणी. २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन मुद्दाम तिथे येऊन गेले, आणि आपल्याकडचे पर्यटक मात्र दोन गल्ल्या पलीकडे वडापाव खाऊन परत जातात. थिबाची थोरली राजकन्या पुढे रत्नागिरीतच राहिली. तिची मुलगी टुटू इथेच, मराठी बोलत म्हातारी झाली. हे ठाऊक असलं की वाड्याच्या रिकाम्या खोल्या जरा वेगळ्या दिसतात.

गावातलं बाकीचं चालत होतं. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान आहे. त्यांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, आणि इथलाच. दापोली तालुक्यातलं चिखलगाव हे त्यांचं मूळ गाव. या दोन्हींची सरमिसळ सर्रास होते. पतितपावन मंदिर १९३१ चं, सर्व जातींना खुलं असावं म्हणून सावरकरांच्या इथल्या स्थानबद्धतेच्या काळात भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं. रत्नदुर्गावर भगवतीचं दर्शन घेऊन लगेच उतरू नका. किल्ला घोड्याच्या नालेसारखा आहे. तटावरून पुढे बुरुजापर्यंत चाला, खाली मिरकरवाड्याचं बंदर आणि ट्रॉलर दिसतात. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ असतं, गुळगुळीत चपला नकोत.

कातळशिल्पं भर दुपारी गाठणं

"काही दिसलंच नाही" ही तक्रार मी सर्वात जास्त ऐकली आहे ती कातळशिल्पांबद्दल. ही चित्रं जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर खोदलेली आहेत आणि खोदाई बहुतेक उथळ. सूर्य डोक्यावर असला की रेषेला सावली पडत नाही आणि सपाट काळपट दगड तेवढा दिसतो. सकाळी आठच्या आत किंवा दुपारी चारनंतर जा. तिरप्या उन्हात तीच रेष उठून येते. शिवाय सड्यावर झाड नाही, पाणी नाही. एप्रिलात दुपारी बारा वाजता तिथे लहान मुलांना नेणं हा निव्वळ छळ आहे.

"सगळी" बघायला निघणं ही दुसरी चूक. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलेली नऊ ठिकाणं आहेत: सात रत्नागिरी जिल्ह्यात, एक सिंधुदुर्गात कुडोपीला आणि एक गोव्यात. शहरात मुक्काम असेल तर उक्षीचा हत्ती किंवा जांभरूण, यांतलं एक निवडा. कशेळीचा प्रचंड हत्ती, ज्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेत, तो राजापूरच्या बाजूला आहे; त्या दिवशी तिथलं कनकादित्याचं सूर्यमंदिर आणि आडिवऱ्याची महाकालीही जोडा. देवाचे गोठणे इथे होकायंत्र भरकटतं, मुलांना ते दाखवा. नकाशावरची खूण अनेकदा सड्याच्या भलत्याच टोकाला नेते, म्हणून गावातल्या माणसाला बरोबर घ्या आणि त्याचे पैसे द्या. फोटोत रेषा उठाव्यात म्हणून खडू फिरवू नका, चित्रावर उभे राहू नका. इतकी हजार वर्षं टिकलेली रेष बुटांनी झिजते.

खाण्याचं थोडक्यात. हापूस एप्रिल-मे महिन्यांत. डिसेंबरात कुणी विचारलं तर आम्ही आंबापोळी दाखवतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा "ताजी सुरमई" ऐकून भुलू नका. त्या दिवसांत सुकट, खाडीची मासळी किंवा सरळ वरण-भात-कुळथाचं पिठलं.

तर गेल्या वेळचा तो फोन. शनिवारी दशमी निघाली. साडेसातला भरती, दुपारी दीड-दोनला ओहोटी. म्हटलं, सकाळी टिळक आळी आणि पतितपावन, उन्हाच्या वेळी राजवाडा, मग कबर, चारनंतर रत्नदुर्ग आणि सूर्यास्त तिथेच. रविवारी पहाटे आरे-वारेच्या रस्त्याने पुळे; सव्वाआठपर्यंत भरती आहे, तोवर दर्शन आणि प्रदक्षिणा. टेकडीच गणपती मानतात तिथे, म्हणून प्रदक्षिणा अख्ख्या टेकडीला असते, एक किलोमीटर चालायची तयारी ठेवा. नंतर निवळीवरून महामार्ग.

"आणि मत्स्यालय?"

"पाऊस आला तर."