रॅप, बीट आणि व्हिडिओ एकट्याने करताना: काय कधी पक्कं करायचं

लिहिणं, बीट (ओळींमागचं संगीत) बनवणं आणि दिग्दर्शन एकाच माणसाकडे आलं की गाणं संपता संपत नाही, कारण अडवणारं कुणी नसतं. व्हिडिओ एडिट करताना बीट खटकते, बीट बदलली की ओळी अडखळतात. म्हणून क्रम ठरवा आणि पक्कं झालेल्या गोष्टीला पुन्हा हात लावू नका.

पहिला टेम्पो. ड्रम आणि बेसचा ८ बारचा (एक बार म्हणजे चार ठोके) लूप लावून ओळी मोठ्याने म्हणा. श्वास घ्यायला जागा नसेल तर आधी शब्द गाळून बघा, मगच २-३ बीपीएम (मिनिटाला ठोके) उतरा. ९० बीपीएमला एक बार सुमारे २.६७ सेकंदांचा होतो. ४ बारचा इंट्रो, १६-१६ बारचे दोन व्हर्स (कडवी) आणि ८ बारचा हुक (धृपद) तीनदा, असे ६० बार धरले की गाणं बरोबर २ मिनिटं ४० सेकंदांचं.

रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर करा. व्हिडिओला हाच सॅम्पल रेट लागतो. माइक तोंडापासून १५-२० सेंटिमीटरवर, मध्ये पॉप फिल्टर. सर्वांत जोरकस ओळीलाही मीटर उणे ६ डीबीच्या वर जाऊ नये. मुख्य टेक पसंत पडल्यावरच डबल (त्याच ओळी पुन्हा म्हणून वर चढवणं) घ्या, तेही यमकाच्या शब्दांपुरते. अख्खा व्हर्स डबल केला की 'ट', 'क', 'स' थोडे मागेपुढे पडतात आणि शब्द गढूळ होतात.

मिक्समध्ये स्वतःच्या बीटचा लोभ आवरा. सिंथ आणि सॅम्पल (दुसऱ्या रेकॉर्डिंगमधून घेतलेले तुकडे) २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात २-३ डीबी खाली घेतले की आवाज न वाढवताही शब्द वर येतात. आवाजातला ८० हर्ट्झखालचा भाग काढून टाका.

मास्टर (गाण्याची अंतिम फाइल) हातात आल्याशिवाय शूटिंग ठेवू नका. नंतर टेम्पो ९० चा ९१ केला, तरी याच गाण्यात शेवटाला ओठ जवळजवळ पावणेदोन सेकंद मागे पडतात. प्लेबॅकच्या (सेटवर वाजवायच्या) फाइलला गाण्याआधी ४ ठोक्यांची क्लिक जोडा आणि कॅमेऱ्याचा माइक चालू ठेवा. एडिटला वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) जुळवता येतो.

स्लो मोशनमध्ये बऱ्याच जणांची लिप-सिंक (ओठ गाण्याशी जुळणं) फसते. अंतिम व्हिडिओ सेकंदाला २४ फ्रेमचा असेल आणि शूट ४८ वर, तर सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजलं पाहिजे. ९० चं १८० झालं की दाट व्हर्स तोंडात बसत नाही. असे व्हर्स ३६ फ्रेमवर, दीडपट वेगाने घ्या. दुप्पट वेग हुकपुरता ठेवा.

तुम्ही कॅमेऱ्यासमोर असताना मॉनिटर दिसत नाही. ओळींचा कागद घेऊन एकाला तिथे बसवा. ओठ चुकतील त्या ओळीवर त्याने खूण करायची. प्रत्येक जागी आधी अख्ख्या गाण्याचा एक वाइड टेक, मगच क्लोज-अप. वेळ कमी पडला तरी एडिटला सलग आधार राहतो.

कागदपत्रं रिलीजआधीच उरका. हुक दुसऱ्याने गायलं असेल तर वाटणीची टक्केवारी लिहून दोघांच्या सह्या घ्या. सॅम्पलला दोन परवानग्या लागतात, मूळ रेकॉर्डिंगची वेगळी आणि रचनेची वेगळी. ऑडिओचा आयएसआरसी (रेकॉर्डिंगची ओळख पटवणारा) कोड व्हिडिओला वापरू नका. व्हिडिओसाठी स्वतंत्र कोड घ्यावा लागतो.