अनुभवाचा रकाना कोरा असताना बायोडेटा कसा भरला (माझा अनुभव)

बी.कॉम.नंतर अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठीचा हा बायोडेटा. 'अनुभव: नाही' ही ओळ आधी काढली. पहिल्याच पानावर नकार आपणच कशाला लिहून द्यायचा? तिथे 'केलेली कामं' असं शीर्षक दिलं.

खरी मेहनत तिथेच. टॅली म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर; पण नुसतं 'टॅलीचं ज्ञान' याला काही अर्थ नाही, सगळेच लिहितात. त्याऐवजी: 'टॅली प्राइममध्ये खरेदी-विक्रीची व्हाउचर, बँक रिकन्सिलिएशन, जीएसटीआर-१ साठी बिलांची यादी एक्सेलमध्ये.' (रिकन्सिलिएशन म्हणजे वहीतल्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवणं; जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरणपत्र.) घरच्या किंवा ओळखीच्या दुकानाची वही सांभाळली असेल तर तीही लिहावी, महिन्याला साधारण किती बिलं हे धरून. कॉलेजात एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) असेल तर '२ वर्षं, २४० तास, ७ दिवसांचं निवासी शिबिर' आणि त्यात आपल्याकडे काय होतं ते: जेवणाचा हिशोब, साहित्याची नोंद. टायपिंगचं सरकारी प्रमाणपत्र असल्यास वेगासकट: मिनिटाला मराठी ३० शब्द, इंग्रजी ४०. मात्र मुलाखतीत करून दाखवता येईल तेवढंच लिहायचं. टॅली समोर उघडून देतात.

वडिलांचं नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, 'वरील माहिती खरी आहे' हे सगळं उडवलं. तो मजकूर लग्नाच्या बायोडेटाला शोभतो. दहावी-बारावीला एकेक ओळ पुरे.

एकच पान, साधा फॉन्ट, ११ आकार. तक्ते आणि दोन रकाने नकोत. नोकरीच्या पोर्टलवर मजकूर उलटसुलट होतो. पीडीएफ करून फाइलला आपलं नाव आणि पद द्यावं. 'न्यू रिझ्युमे फायनल २' एचआरच्या फोल्डरमध्ये सापडत नाही.